आधी थांबली पाहिजे

जुनी फियाट घेऊन गॅरेजला येणारा माणूस बॉनेट उघडायच्या आधी फोन उघडतो. त्यात फोटो असतात. जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली गाडी, रुंद अलॉय, मॅट रंग, आत बकेट सीटा, डॅशबोर्डवर मोठा स्क्रीन. 'मिस्त्री, अशी करून द्या.' मी ते फोटो मनापासून बघतो. माणसाला गाडीत काय आवडतं ते त्यातून कळतं आणि पुढे ते उपयोगी पडतं. पण माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ही चालवत आणली की टेम्पोवर घालून?

चालवत आणली असेल तर मला जास्त काळजी वाटते.

रत्नागिरीची ती फियाट चालवत आली होती, आंबा घाट चढून कोल्हापूरला. ११००डी, १९६९ सालची. मालक पुण्यात नोकरी करणारा तरुण, गाडी त्याच्या आजोबांची. आजोबा गेल्यावर ती बरीच वर्षं झापांच्या मांडवाखाली उभी होती. गावातल्या कुणी नवी बॅटरी घालून, कार्ब्युरेटर धुऊन ती चालू करून दिली आणि हा घेऊन निघाला. त्याची यादी तयार होती. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, एखाद्या नव्या गाडीचं इंजिन, अलॉय, गाडी खाली बसवणं, सीटा, एसी आणि शेवटी रंग. मी प्रत्येक गोष्टीला 'का' विचारलं. ब्रेक नीट लागत नाही, मारला की डावीकडे ओढते आणि पाय काढला की जरा वेळ उजवीकडे. स्टिअरिंग इतकं जड की वळणावर खांदे भरून येतात. चढाला ओढतच नाही, घाटात दुसऱ्या गिअरमध्येही धाप लागते.

ही कारणं मी वहीत उतरवून घेतली. माझ्या दृष्टीनं यादीपेक्षा ती मोलाची. जुन्या गाडीत जे बदलावंसं वाटतं त्यातलं बरंचसं झिजेमुळे वाटतं, मूळ गाडी तशी नसते, असं माझं मत इतक्या वर्षांच्या कामातून झालंय. म्हणून मी मालकाला एकच विनंती करतो. आधी ही गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जशी थांबायची, वळायची, तशी मला करू द्या. मग काही दिवस तुम्ही ती चालवा. त्यानंतर यादी घेऊन या, मी आनंदानं करून देईन. काहीजण दुसरीकडे जातात. हा थांबला.

फियाटवर माझा जीव आहे हे लपवण्यात अर्थ नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिचा कुर्ल्याचा कारखाना, १९६४ पासून तिथे बनू लागलेली ११००डी, पुढे त्याच गाडीचं झालेलं पद्मिनी हे नाव. आमच्या पिढीतल्या मिस्त्रींनी याच गाडीवर हात बसवला. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती इतकी वर्षं पळाली की पार्ट कुठेही मिळायचे. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आता पुण्याची नाना पेठ किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालून पार्ट आणायचा, आणि आणलेला पार्ट डोळे झाकून बसवायचा नाही. खोक्यावर नाव चांगलं आणि आत रबर कडक, हा प्रकार फार वाढलाय.

तर ब्रेक. गाडी घोड्यांवर घेतली आणि चाकं हातानं फिरवून बघितली. मागचं डावं फिरेना. त्याचा ड्रम निघायलाच रात्रभर तेल मुरवावं लागलं. ड्रम निघाला की पोरांचा हात हवेच्या पाइपाकडे जातो, तिथे मी कडक असतो. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ हवेनं उडवली तर सगळ्यांच्या छातीत जाते आणि तिथेच राहते. पाण्याचा फवारा मारायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. गाडी कितीही लाडकी असली तरी ती दुरुस्त करणाऱ्या पोराच्या फुफ्फुसापेक्षा मोठी नाही.

व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचललं तर आतून तपकिरी पाणी आलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. गाडी उभी असली तरी ते ओढतच असतं, आणि कोकणात ओल काय कमी असते? त्या पाण्यानं सिलिंडरच्या आत खड्डे पडतात, खड्ड्यांवरून घासून सील फाटतं. त्याहून वाईट म्हणजे उतारावर ड्रम तापले की ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून तर ब्रेक चालतो. वाफ मात्र दाबली जाते. पॅडल तळाला टेकतं आणि गाडी आहे त्या वेगानं पुढे जाते. आणि या गाडीत ब्रेकची लाइन एकच. आताच्या गाड्यांत दोन वेगळ्या लाइनी असतात, एक गेली तरी दुसरीनं गाडी थांबते. इथे एका चाकाचा होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. हा मुलगा असल्या ऑइलवर घाटातून आला होता. चढ होता म्हणून निभावलं, उतार असता तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनातून दिवसभर गेला नाही.

पुढच्या उजव्या चाकाचा होज बाहेरून अगदी ठीक दिसत होता. मी तो मालकासमोर मधोमध उभा चिरला. आतलं रबर फुगून ऑइलला जायला जेमतेम सुई शिरेल इतकीच वाट राहिली होती. पॅडल दाबलं की त्या चाकाला ऑइल उशिरा पोचायचं, म्हणून गाडी आधी डावीकडे ओढायची. पाय काढला की ऑइलला परत यायला वाट नाही, म्हणून उजवं चाक धरून राहायचं आणि गाडी उजवीकडे जायची. त्यानं सांगितलेली तक्रार शब्दशः त्या वीतभर रबरात सापडली. तो बराच वेळ ते दोन तुकडे हातात घेऊन बघत होता.

तिन्ही होज नवे घातले, लोखंडी पायपा बदलल्या, मास्टर सिलिंडर उघडून त्याचं किट टाकलं. दोन व्हील सिलिंडर नव्यात चांगले मिळेनात, ते शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्या मामांकडे दिले. त्यांनी बोअर करून पितळी स्लीव्ह घातली. कोल्हापुरात जुन्या गाडीचं काम करायचं एक मोठं सुख हे आहे. नमुना हातात दिला की तो बनवणारा माणूस इथे भेटतो. ड्रम लंबगोल झाले होते, ते लेथवर साफ करून घेतले. मग नवे लायनर ड्रमला पुरते टेकतात का ते बघण्यासाठी त्यांवर खडू फासला आणि ड्रम घालून फिरवला. खडू फक्त मधोमध पुसला गेला. म्हणजे लायनरचा तेवढाच भाग काम करणार. पुन्हा काढून कडेपर्यंत टेकेल असं घासलं. हे काम कंटाळवाणं आहे, बिलात त्याची वेगळी ओळ दाखवता येत नाही, आणि ब्रेक लागतो तो याच्यावर.

सगळं जोडून, हवा काढून, मोकळ्या रस्त्यावर गाडी सरळ रेषेत थांबली तेव्हा डिस्कचा विषय त्यानंच बाजूला ठेवला. डिस्क ब्रेक वाईट असं मी म्हणत नाही. पण ते बसवायचे तर हब बदलतो, मास्टर सिलिंडर बदलतो, पुढचं-मागचं बळ पुन्हा जुळवावं लागतं. ड्रमच्या लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा वॉल्व्ह असतो. तो तसाच ठेवून पुढे डिस्क लावले तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि रस्त्यात तापतात. अर्धवट केलेल्या डिस्कपेक्षा नीट केलेला ड्रम शंभर पटीनं बरा.

स्टिअरिंगचं काम त्यामानानं सोपं निघालं. पुढचं चाक उचलायचं, वरून आणि खालून धरून हलवायचं. खडखड आली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. खडखड गेली तर बेअरिंग सैल, राहिली तर किंग पिन गेली. इथे राहिली. ग्रीस निपल मातीनं बुजलेले, किंग पिन कोरड्या पडून गंजलेल्या, स्टिअरिंग बॉक्समध्ये नव्वद नंबर ऑइलचा थेंब नाही, टायरमध्ये हवा निम्मी. एवढं झाल्यावर कुणाचंही स्टिअरिंग जड होईल. किंग पिनचा सेट, टाय रॉडची टोकं आणि बुश बदलून, बॉक्स भरून, अलाइनमेंट करून दिल्यावर पॉवर स्टिअरिंगही यादीतून गेलं. उभ्या गाडीचं चक्र फिरवायला जोर लागतो, तो त्या काळच्या प्रत्येक गाडीला लागायचा. चालत्या गाडीला लागत नाही.

पत्र्याचं काम मात्र मला सर्वांत जास्त दिवस धरून बसलं. फियाटला वेगळी चॅसी नाही. फ्लोअर, दोन्ही बाजूंच्या दारांखालचे डबे आणि छत मिळून गाडीचं सगळं वजन पेलतात. माणसाचा कणा मोडावा तशी ही गाडी खालच्या पत्र्यात मोडते, आणि वरून दिसत नाही. मी फडक्यात गुंडाळलेला चुंबक घेऊन बॉडीभर फिरतो. चांगल्या पत्र्याला तो ओढला जातो, लांबी म्हणजे पुट्टी भरलेल्या जागी सुटून पडतो. डाव्या दाराखालून तो पुढून मागेपर्यंत कुठेच धरला नाही. खरवडलं तर वर रंग, त्याखाली बोटभर जाड लांबी, आणि लांबीच्या आत भरलेलं गोणपाट. पूर्वी कुणीतरी सडलेल्या डब्यात गोणपाट कोंबून त्यावर लांबी ओढली होती. जॅक लावायची जागा त्याच डब्यात आहे. मागच्या पाट्यांचा पुढचा खिळा ज्या पत्र्यावर बसतो तोही पातळ झालेला. खड्ड्यात पाटा वर येऊन सीटखाली घुसला असता.

असा डबा कापायच्या आधी काळजी घ्यावी लागते. तो कापला की बॉडी मधोमध खचते. एकदा खचलेल्या स्थितीत नवा पत्रा वेल्ड केला की गाडी कायमची वाकडी होते आणि दार पुन्हा कधी नीट बसत नाही. म्हणून दारं जागेवर ठेवूनच फटी मोजल्या, वरून खालपर्यंत चार-चार ठिकाणी, आणि मापं खांबावर पेन्सिलनं लिहिली. मग दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल टाकून टाके मारले, खाली घोड्या समान उंचीवर लावल्या, तेव्हा कटर हातात घेतला. एका वेळी एकच बाजू. अठरा गेजचा पत्रा वाकवून नवा डबा केला, आतल्या मधल्या पट्टीसकट. ही मधली पट्टी बरेच पत्रेवाले गाळतात, बाहेरून सारखंच दिसतं म्हणून. पण ताकद तिच्यातच असते. वेल्डिंग सलग न ओढता तुकड्या-तुकड्यानं केलं, नाहीतर उष्णतेनं पत्रा ओढला जातो. शेवटी पाणी जायची भोकं मोकळी ठेवली, आत झिंक प्रायमर आणि वॅक्स मारलं. अँगल काढून दार लावलं, फटी पुन्हा मोजल्या, पेन्सिलच्या आकड्यांशी जुळल्या. त्या दिवशी मी पोरांना मिसळ खायला घेऊन गेलो.

याच वेळी सीट बेल्टच्या जागा करून घेतल्या. या गाडीला बेल्ट मुळात नव्हतेच, आणि तिचा स्टिअरिंगचा दांडा सरळ कडक आहे, समोरून धडक बसली तर छातीकडे येणारा. बेल्ट हवाच. पण नुसत्या पातळ फ्लोअरला भोक पाडून बोल्ट आवळला तर धक्क्याला बोल्ट पत्र्यासकट उपटून येतो. खालून जाड प्लेट वेल्ड करावी लागते, आणि ती चांगल्या पत्र्यालाच धरते. कुठलंही नवं काही बसवायचं म्हटलं की आधी खालचं धड हवं, हे इथे प्रत्यक्ष बोटांना कळतं.

टायरची नक्षी छान शाबूत होती, म्हणून ते बदलायला मालक तयार नव्हता. मी बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. टायर झिजला नसला तरी वयानं रबर कडक होतं, भिंतीला चिरा जातात. स्टेपनीसकट पाचही बदलले.

वायरिंगमध्ये कुणीतरी टेपसाठी इग्निशनवरून फ्यूजशिवाय वायर ओढलेली होती आणि तिचं प्लॅस्टिक डॅशच्या कडेला घासून तांबं उघडं पडलेलं. ते सगळं काढलं, हेडलाइटला रिले दिला, बॅटरीला कटऑफ स्विच लावला. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, जुन्या नळ्या आणि पंपाचे पडदे त्यानं मऊ पडतात, चिरतात, आणि गळणारं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडतं. टाकी उतरवून, आत खडी घालून हलवून गंज काढला. सीटखाली आग विझवायचं छोटं सिलिंडर ठेवलं, हे मी प्रत्येक जुन्या गाडीत ठेवतो.

राहता राहिलं इंजिन. १०८९ सीसीचं ते छोटं इंजिन कमी ताकदीचं आहे हे मान्यच. पण त्याचं कॉम्प्रेशन चांगलं निघालं. चढाला दम लागत होता तो अडकलेल्या ब्रेकमुळे, आणि वेग वाढला की स्पार्क पुढे नेणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजून जाम झाली होती त्यामुळे. वजनं मोकळी केली, टॅपेट जुळवले, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्यानं गरम होऊन वाकू नये म्हणून रेडिएटर आणि पाण्याच्या वाटा साफ केल्या. मग आम्ही दोघं पन्हाळ्याला गेलो. वाघबिळाच्या पुढे ती दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढली. खरी परीक्षा उतरतानाची होती. मी त्याला दुसऱ्याच गिअरमध्ये, ब्रेक थोडा-थोडा वापरत उतरायला सांगितलं आणि मध्येच थांबून चारही ड्रमना हात जवळ नेऊन बघितला. चारही सारखे तापले होते. एखादा जास्त गरम असता तर परत फिरून सगळं उघडलं असतं.

दुसऱ्या इंजिनाचा विषय मी त्याला कायद्याच्या बाजूनंही सांगितला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी लागते. रंग बदलला तरी आरसीत नोंद करून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट, जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर घेता येतो. पण गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, आणि मग ती रोजच्या वापराला नेता येत नाही. त्याला ती पुण्यात रविवारी चालवायची होती, म्हणून तो नंबर त्यानं घेतला नाही. तरी पुढेमागे घ्यावासा वाटला तर वाट मोकळी राहावी, म्हणून इंजिन आहे तेच ठेवायचं ठरलं. मला ते मनापासून आवडलं.

एक पावसाळा गाडी त्याच्याकडे होती, प्रायमरच्या करड्या रंगात. रंग मी मुद्दाम करू दिला नव्हता. पावसात कुठून पाणी आत येतं ते कळतं, नवा वेल्ड कुठे घाम फोडतो ते दिसतं, आणि रंगानंतर हे सापडलं तर नवा रंग फोडावा लागतो. मागच्या काचेच्या रबरातून पाणी आलंच.

दिवाळीच्या आधी तो यादी घेऊन पुन्हा आला. खाली बसवायचं त्यानं स्वतःच खोडलं होतं, पुण्यातले स्पीड ब्रेकर बघून. अलॉयच्या जागी मूळ लोखंडी रिम, पावडर कोटिंग केलेल्या. रुंद चाकांनी बेअरिंगवर आणि नव्या किंग पिनवर येणारा भार मी त्याला सांगितला होता. सीटा मात्र त्याला बदलायच्याच होत्या आणि त्यात मी पूर्ण त्याच्या बाजूनं होतो. आजोबांच्या वेळच्या सीटला मानेमागे आधार नाही. मूळ बैठक ठेवून वर हेडरेस्ट येईल अशी चौकट आम्ही बनवून घेतली, आणि कापड त्याच्या आईनं निवडलं. रंग त्याच्या फोनमधलाच, ऑलिव्ह हिरवा, मॅट सोडून चकाकणारा. आरसीवर त्याची नोंद झाली.

एसीचं अजून ठरलेलं नाही. जुना डायनामो इंजिन मंद चालत असताना बॅटरी नीट भरतच नाही, तेव्हा आधी आल्टरनेटर बसवलाय आणि रेडिएटरसमोर पंखा. या छोट्या इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार टाकला तर मेच्या उन्हात हेड किती तापतं, ते थर्मामीटर लावून बघितल्याशिवाय मी त्याला हो म्हणणार नाही. मे महिन्यात गाडी आठवडाभर माझ्याकडे ठेवायला तो तयार आहे.